धडकेनंतरचे दिवस

प्रिय,

अमेरिकन तटरक्षक दलाच्या 'कॅम्पबेल' या जहाजावरचा तुझा मसुदा दोनदा वाचला. धडक जमली आहे. 22 फेब्रुवारी 1943ची रात्र, ओएन 166 हा व्यापारी जहाजांचा ताफा, 'बुर्झा' या पोलिश विनाशिकेच्या डेप्थ चार्जमुळे, म्हणजे पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बमुळे, वर आलेली जर्मन पाणबुडी यू-606 आणि तिच्यावर चालून गेलेली 'कॅम्पबेल' ही 327 फुटी कटर, म्हणजे तटरक्षक दलाची गस्ती नौका. पण पुढच्याच ओळीत तू जहाज न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्स बंदराला पोचवूनही टाकलंस! अगं, मधले दिवस कुठे गेले?

मी इंजिनरूमवाला, माझं लक्ष तिथेच जाणार. पाणबुडीच्या धारदार कडेने कटरचा पाण्याखालचा पत्रा फाटला, इंजिनरूम भरली, वीज गेली. पाणी उपसायला वीज हवी आणि वीज तयार व्हायची जागाच पाण्याखाली. ही कोंडी वाचकाला कळली, तर पुढचं सगळं कळेल. शेजारची दालनं कोरडी ठेवता आली म्हणून जहाज तरंगलं. कप्तान जेम्स हर्शफील्ड जखमी होते. 'नील्सन अलोन्सो' या नॉर्वेजियन टँकरचे वाचवलेले खलाशी आणि आपलीही जास्तीची माणसं 'बुर्झा'वर पाठवून मोजके लोक मागे राहिले. इंजिन बंद, आसपास पाणबुड्या, अटलांटिकचा फेब्रुवारी. मग टगने, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटीने, ओढत बंदर गाठलं. इथे दोन परिच्छेद तरी दे.

'तोफांनी मारा केला' असं लिहिलंस. कोणी केला? एका तोफेवर सगळे कृष्णवर्णीय होते, प्रमुख लुई एथरिज. हुद्द्याने स्ट्युअर्ड. तेव्हा त्या तटरक्षक दलात काळ्या माणसाच्या वाट्याला बहुतेक करून अधिकाऱ्यांच्या ताटवाट्याच यायच्या. त्याला ब्राँझ स्टार हे लष्करी पदक मिळालं 1952मध्ये. वर्ष नुसतं लिही, शेजारी विशेषण नको.

'नौदलाची युद्धनौका' हे मात्र खोड. आपलं तटरक्षक दल संरक्षण मंत्रालयाखाली, म्हणून तुझी गल्लत झाली असावी. तिकडे अमेरिकेत ते अर्थखात्याचं होतं. या वर्गाच्या सातही कटरना अर्थमंत्र्यांची नावं आहेत, ती उगाच नाहीत. नोव्हेंबर 1941मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी ते नौदलाच्या हाताखाली दिलं. चोरटा माल पकडणारी, बुडणाऱ्यांना काढणारी माणसं पाणबुड्यांमागे लागली ती अशी.

व्हिएतनामची गस्त, 1982ची निवृत्ती आणि 1984मध्ये नौदलाने सरावाचं लक्ष्य म्हणून तिला बुडवणं, हे दोन ओळींत उरक.

राहिला सिनबाद. हा कुत्रा जहाजावर आहे तोवर जहाज बुडत नाही, असं खलाशी म्हणायचे, आणि माणसं कमी करतानाही त्याला मागेच ठेवलं. तुझा त्याच्यावरचा परिच्छेद गोड आहे, पण एथरिजपेक्षा तिप्पट लांब आहे. तो अर्धा कर आणि रविवारपर्यंत मसुदा पाठव.

तुझा,
काका