टायपिंग लावलं तर उरलंसुरलं अक्षरही जाईल का?

लिहायला त्रास होणाऱ्या मुलाला टायपिंग शिकवा म्हटलं, की बहुतेक पालक दचकतात. पाचवीतल्या ओमच्या (नाव बदललंय) आईनं ती भीती अस्सल कोल्हापुरीत मांडली. "तोंडानं विचारा मॅडम, घडाघडा सांगतंय. वहीत बघितलं की कोंबड्याचे पाय. आणि आता टायपिंग लावलं तर उरलंसुरलं अक्षरबी जाईल की ओ!"

मी वही उघडली. पेन्सिल एवढी दाबलेली, की मागच्या पानांवर वळ उठलेले. शिरोरेषा शब्द संपल्यावर ओढलेली, तीही अक्षरांच्या डोक्यावरून न जाता मधूनच गेलेली. पावसाळ्यावरचा निबंध जेमतेम चार वाक्यांचा. तोंडी विचारल्यावर मात्र राजाराम बंधारा पाण्याखाली गेला की शाळेला सुट्टी कधी पडते, मामाची म्हैस वरच्या गल्लीत कशी हलवली, सगळं ओळीनं सांगितलं.

तपासणीत डिसग्राफिया निघाला, म्हणजे लेखनातली अध्ययन अक्षमता. बुद्धी उत्तम, पण अक्षर काढण्यातच सगळं लक्ष खर्ची पडतं आणि वाक्य मनातच राहून जातं. अशा मुलाला सुट्टीत दहा-दहा पानं शुद्धलेखन लावणं मला पटत नाही. आळसानं गिचमिड काढणाऱ्या पोराला ते लागू पडेलही. ह्याचा नुसता हात दुखतो.

आईला म्हटलं, ताई, अक्षर जाणार नाही, कारण हातानं लिहिणं आपण बंद करतच नाही. गणित, आकृत्या, नाव-पत्ता, फॉर्म भरणं हे हातानंच. ऑक्युपेशनल थेरपिस्टनं दिलेले पेन्सिल धरायचे व्यायामही चालू राहतील. निबंध आणि मोठी उत्तरं तेवढी कीबोर्डवर.

वडील शिरोलीच्या फौंड्रीत कामाला. त्यांनी जुना लॅपटॉप आणला आणि ओम एका बोटानं अक्षरं हुडकत टाइप करू लागला. घरचे खूश. मी नव्हते. आधी लक्ष अक्षर काढण्यात जायचं, आता अक्षर हुडकण्यात जात होतं, म्हणजे मूळ दुखणं तसंच. न बघता, दहा बोटांनी टाइप करता आलं तरच डोकं वाक्यासाठी मोकळं होतं.

शाळा सेमी इंग्लिश, पण लिहिणं जास्त मराठीत, म्हणून मराठीपासून सुरुवात केली. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारा कीबोर्ड मी टाळला. त्यात प्रत्येक शब्दाचं आधी इंग्रजी स्पेलिंग जुळवावं लागतं, आणि ह्या मुलांना तेच जड. त्याऐवजी इनस्क्रिप्ट ही सरकारमान्य कळमांडणी घेतली. तिच्यात थेट मराठी अक्षरांच्याच कळा असतात, स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. एफ आणि जे या कळांवर उंचवटा असतो, तिथं पहिली वेलांटी आणि 'र' येतात. 'पोर', 'चोर', 'रोप', 'पेपर' एवढे शब्द मधल्या ओळीतच होतात. शिवाय 'कि' टाइप करताना आधी 'क', मग वेलांटी, म्हणजे उच्चाराच्याच क्रमानं. वहीत ओम आधी वेलांटी काढून पुढचं अक्षर विसरायचा, तो घोळ इथं सुटला.

शिकवायला घरातच माणूस निघाला. आबा साखर कारखान्यात क्लार्क होते, तरुणपणी टाइपरायटरवर टायपिंग शिकलेले. मराठी कळांची जागा त्यांच्या मशीनवर वेगळी होती, पण शिस्त तीच. त्यांनी नातवाच्या हातांवर टॉवेल टाकला आणि बजावलं, "खाली बघायचं न्हाई. चुकलं तर चुकू दे." रोज दहा-पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही. आधी अचूकता, वेग आपोआप येतो. एक मात्र मी निक्षून सांगितलं होतं: टायपिंगचा वेग हाताच्या लिखाणापुढं जाईपर्यंत गृहपाठ कीबोर्डवर करायला लावायचा नाही. पहिले काही महिने टायपिंग हळूच होतं, आणि त्यात गृहपाठाचं ओझं पडलं तर पोरगं तेही सोडून देतं.

पुढं निबंध छापून न्यायला लागल्यावर वर्गशिक्षिकांना वाटलं, घरचेच टाइप करून देत असतील. शंका रास्त होती. आठवड्यातला एक तास त्यांनी त्याला संगणक खोलीत आपल्यासमोर बसवलं आणि विषय मिटला.

दहावीचं काय, हा प्रश्न वडिलांचा. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात येते, आणि प्रमाणपत्र असलेल्या मुलाला राज्य मंडळ जादा वेळ आणि लेखनिक देतं. लेखनिक घेतला तरी वाक्य मनात जुळवून सलग सांगावं लागतं, आणि तो सराव ओमला आत्ताच होतोय. प्रमाणपत्राला वेळ लागतो, तेव्हा कागदपत्रं नववीपर्यंत लांबवू नका असं त्यांना सांगितलं.

गेल्या खेपेला आई नवीन तक्रार घेऊन आली. "आता दोन-दोन पानं लिहायलंय मॅडम, पण ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका बघा की!" अक्षर लागत नव्हतं तोवर त्या कुणाला दिसल्याच नव्हत्या. आता त्यावर काम सुरू केलंय, रोज पाच शब्द, तेही त्यानंच लिहिलेल्या निबंधातले.