दोन वर्षांपूर्वीचा पगार आणि आजचं घर

प्रश्न : ताई, माझं वय ४१. लग्न झालं तेव्हा मी एस.वाय. बी.कॉम. होते, शिक्षण तिथंच राहिलं. ग्रीन कार्ड मिळून तीन वर्षं झाली. धाकटा आता शाळेत जायला लागलाय, तेव्हा इथल्या कम्युनिटी कॉलेजात अकाउंटिंग करावं असं फार मनात आहे. पण ह्यांची नोकरी गेल्या वर्षी मार्चमध्ये गेली, नवी मिळाली ती निम्म्या पगाराची. मैत्रीण म्हणते, ‘फाफ्सा’ (शिक्षणासाठीच्या सरकारी मदतीचा फॉर्म) भरून उपयोग नाही, ते दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न बघतात आणि मदत देतात ती शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरांना. शिवाय या वयात दुसऱ्याच्या पैशावर शिकायचं मनाला लागतं. फॉर्म भरू की विषय सोडून देऊ?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : भरा. याच आठवड्यात भरा.

मी एका कम्युनिटी कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसात १९ वर्षं खिडकीवर बसले. त्याआधी ३८व्या वर्षी अशाच एका खिडकीबाहेर विद्यार्थिनी म्हणून रांगेत उभी होते. ‘या वयात आपल्याला कोण देणार’ असं स्वतःच ठरवून फॉर्म न भरता परत गेलेल्या किती बायका मी पाहिल्या, आणि त्याचं अजून वाईट वाटतं.

पेल ग्रँटला, म्हणजे फेडरल सरकारकडून शिक्षणासाठी मिळणाऱ्या मदतीला, वयाची अट नाही. उलट लग्न झालेलं असलं किंवा वयाची २४ वर्षं उलटली असली की तुम्ही स्वतंत्र विद्यार्थी ठरता, आईवडिलांचं उत्पन्न कुणी विचारत नाही. विचारतात ते तुमचं आणि यजमानांचं. ही ग्रँट म्हणजे कर्ज नव्हे. २०२५-२६ साठी तिची कमाल रक्कम वर्षाला ७,३९५ डॉलर होती. एका सेमिस्टरला दोनच विषय झेपणार असतील तर त्या प्रमाणात कमी मिळते, पण मिळते. (एच-४ वरच्या, म्हणजे इथं नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांच्या जोडीदाराच्या व्हिसावरच्या, वाचकांसाठी: फेडरल मदत या व्हिसावर मिळत नाही. ग्रीन कार्ड येईपर्यंत थांबावं लागतं.)

पदवी राहून गेल्याची खंत तुमच्या पत्रात दिसते. पण पेल ग्रँट पहिली पदवी नसलेल्यांसाठीच असते. बी.कॉम. पूर्ण झालं असतं, तर ती पदवी इथल्या बॅचलर्सच्या तोडीची धरायची का, हे कॉलेजनं ठरवलं असतं आणि कदाचित ग्रँट नाकारली असती. एफ.वाय., एस.वाय.च्या मार्कशीट्स मात्र शोधून काढा. त्यांचं मूल्यांकन होऊन काही क्रेडिट्स, म्हणजे विषय पूर्ण केल्याचे गुण, मिळाले, तर तेवढ्या विषयांची फी वाचते.

आता खरी अडचण. मैत्रीण अर्धं बरोबर सांगते. २०२६-२७ च्या फॉर्मला २०२४ चंच उत्पन्न लागतं, म्हणजे ह्यांचा जुना, चांगला पगार. फॉर्ममध्ये ‘आता परिस्थिती बदलली’ असं लिहायला जागाच नाही. पण कॉलेजच्या एड ऑफिसला कायद्यानं अधिकार आहे, त्याला ‘प्रोफेशनल जजमेंट’ म्हणतात: नोकरी गेली, मिळकत घटली, आजारपणाचा मोठा खर्च आला, तर ते आकडे बदलून हिशोब पुन्हा करू शकतात. विद्यार्थ्यानं मागावं लागतं.

विद्यार्थिनी होते तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. आमच्या ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं, सात महिने पगार नव्हता, आणि मी पहिल्या सेमिस्टरची फी क्रेडिट कार्डावर भरली. खिडकीवरच्या मुलीनं माझा कागद बघून शिक्का मारला, बस्स. दुसऱ्या सेमिस्टरला तिथं एक वयस्कर बाई होत्या. उत्पन्नाच्या आकड्यावर पेन्सिल टेकवून त्या म्हणाल्या, “हा आकडा आजही खरा आहे का?” मला रडूच आलं. पुढे १९ वर्षं मी समोर आलेल्या प्रत्येकाला हाच प्रश्न विचारला.

तुम्ही फॉर्म भरल्यावर ऑफिसला एक पानाचं पत्र द्या. त्यात दुःख नको. नोकरी कधी गेली, तेव्हा महिन्याला किती येत होते, आता किती येतात, एवढं लिहा. सोबत कंपनीचं कामावरून कमी केल्याचं पत्र, बेकारी भत्त्याचे कागद आणि नव्या नोकरीच्या अलीकडच्या पे-स्टब्स (पगाराच्या पावत्या) जोडा. निर्णय कॉलेजचाच अंतिम असतो, त्यावर वर कुठं दाद मागता येत नाही, म्हणून कागद पहिल्यांदाच पूर्ण द्या. शाळा सुटल्यावर धाकट्याला सांभाळायला कुणी ठेवावं लागणार असेल तर तो खर्चही धरायला सांगा. तो मागितल्याशिवाय सहसा धरत नाहीत.

न्यू जर्सीत कम्युनिटी कॉलेजच्या फीसाठी राज्याची वेगळी ग्रँट आहे, तिलाही हाच फॉर्म चालतो. सेमिस्टरला निदान सहा क्रेडिट्स घ्यावे लागतात. फॉर्म मोफत आहे, भरून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. आणि कॉलेजचं मदतीचं पत्र आलं की नीट वाचा: त्यात ग्रँट आणि कर्ज एकाखाली एक छापलेलं असतं, दोन्ही ‘मदत’च दिसतात. कर्ज कमी घेता येतं, नाकारताही येतं.

राहिलं दुसऱ्याच्या पैशावर शिकणं. ह्यांच्या पगारातून इतकी वर्षं कर कापला गेलाय की नाही? मग हा पैसा परका कसा?

पत्राचा मसुदा लिहून झाला की मासिकाच्या पत्त्यावर मला पाठवा. आकडे आणि तारखा नीट मांडल्यात का, ते मी बघून देते.