बाथरूमलगतच्या भिंतीला ओल आली आहे, रंगाचे पोपडे निघतात. आतून वॉटरप्रूफ रंग मारला तर भागेल का?

नाही भागणार. पैसे घालण्याआधी विचारलंत हे फार बरं केलंत.

पाणी भिंतीच्या आतून खोलीकडे येतंय. येताना ते विटा-सिमेंटमधले क्षार विरघळवून आणतं. वर आल्यावर पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. बोट फिरवलं की पांढरी भुकटी लागते ना, तो हाच लोणा. त्याचे स्फटिक वाढताना रंगाला मागून ढकलतात. वॉटरप्रूफ रंगालाही रेटा मागूनच बसणार, म्हणजे तो आधी फुगेल आणि मग सबंध पापुद्रा सुटेल. शिवाय अडलेलं पाणी आजूबाजूला सरकतं, आणि ओल नव्या जागी दिसली की आपण तिथेही तोच रंग मारायला धावतो.

आधी पाण्याचा उगम शोधा. (त्या भिंतीत स्विचबोर्ड असेल तर त्याची लाइन आजच बंद करा, हे लांबणीवर टाकू नका.) रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा टिपा, पाणी टाकीतून येत असेल तर टाकीत येणारं पाणी बंद करून पातळीवर खूण करा. सकाळी फरक दिसला तर दाबाखालची पाइपलाइन किंवा एखादा कॉक, फ्लशची टाकी गळतेय. फरक नसेल तर संशय सांडपाण्याच्या पाइपवर किंवा फरशीच्या सांध्यांवर. तिथे पाणी वापरापुरतंच असतं, म्हणून मीटरला ते कळत नाही. ओलीच्या कडेने पेन्सिलची रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. मग जाळीच्या तोंडात बोळा घट्ट कोंबून फरशीवर दोन-तीन सेंटीमीटर पाणी 24 तास साठवा. ओल रेघेबाहेर गेली तर सांधे गेलेत. नाही गेली, तर बोळा काढून बादल्या ओतून पाहा; मग ओल वाढली तर सांडपाण्याचा पाइप गळतोय.

दुरुस्तीनंतर लोणा धरलेलं प्लास्टर विटेपर्यंत खरवडून काढावंच लागतं, रेघेच्या साधारण 30 सेंटीमीटर वरपर्यंत. ते न काढता वरून नुसती पुट्टी ओढून देणाऱ्या कारागिराला माझ्या मते काम देऊ नये. नंतर भिंत वाळू द्या. विटांच्या भिंतीला महिनोन्‌महिने लागू शकतात आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. पंखा चालू ठेवा, कपाट भिंतीपासून ओढून ठेवा. शेवटी प्लास्टिकचा एक तुकडा चारही कडांना टेप लावून भिंतीवर चिकटवा. दोन दिवसांनी त्याच्या भिंतीकडच्या बाजूला दव नसेल, तरच नवं प्लास्टर करून घ्या, आणि ते वाळल्यावरच पुट्टीचा डबा उघडा.