निवडणुकीत पुढारी 'बोगस मतदार' कोणाला म्हणतात? कायद्यात व्याख्या आहे का?

नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात 'बोगस' हा शब्दच नाही. म्हणून तर तो पुढाऱ्यांना सोयीचा. मी स्वतः एकदा बोगस ठरलोय, तेव्हा सांगतो.

गाव शिंदखेडा तालुक्यातलं. निम्मी पोरं सुरतेला, मीही उधन्यात साडीच्या कारखान्यात. आई, बायको, कपाशी गावीच. एका ग्रामपंचायतीला आमच्या आबांनी (चुलत काका, पॅनलचे पुढारी) आम्हाला आणायला दोन क्रूझर पाठवल्या. रात्रभर कोंडाईबारी घाटातून आलो. आबा ओट्यावरून ओरडले, "गावना पोरे उनात!" (गावची पोरं आली!)

पुढच्या खेपेला मी समोरच्या पॅनलकडे गेलो. लगेच तहसीलची नोटीस! हरकत आबांची : हा इसम सुरतचा, नाव बोगस. सुनावणीला मी रहिवासी दाखला टेबलावर ठेवला. सरपंच असताना त्यांनीच दिलेला. हरकतीखाली आणि दाखल्याखाली तीच सही, शेपटी ओढलेली. कारकुनाने दोन्ही कागद शेजारी ठेवले अन् चष्मा पुसायला घेतला. आबा एवढंच म्हणाले, "तू ते आते सुरतना व्हई गया." नाव राहिलं. आबांशी बोलणं राहिलं नाही.

कायदा बघतो तुम्ही 'सामान्यतः रहिवासी' आहात का ते. कलम २० म्हणतं, नुसतं घर मालकीचं असून भागत नाही, आणि तात्पुरतं बाहेर गेल्याने हक्कही जात नाही. तात्पुरतं म्हणजे किती, यावरच सगळी भांडणं. मयत, स्थलांतरित, दुबार ही तीन वेगळी प्रकरणं. पुढारी तिन्ही एकाच पोत्यात भरतात. २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार नावांपुढे डबल स्टार टाकले, तेही लगेच 'बोगस' झाले. खरंच शंका असेल तर नमुना ७ (यादीतल्या नावावर हरकत घेण्याचा अर्ज) भरा, माइकवर ओरडू नका. खोटं लिहून द्याल तर कलम ३१ खाली वर्षभराची कैद होऊ शकते.

हां, एक सांगायचं राहिलं. घरमालकाच्या आग्रहाने उधन्याच्या यादीतही माझं नाव काही वर्षं होतं. कलम १७-१८ प्रमाणे ते चूकच. तिकडे मत कधी दिलं नाही, पुढे नाव काढून घेतलं. आबांना हे माहीत नव्हतं, नाहीतर सुनावणी वेगळी झाली असती.

आता आबांचा धाकटा मुलगा बायकापोरांसह सुरतच्याच पांडेसऱ्यात राहतो. गावच्या यादीत त्याचं नाव माझ्या दोन ओळी वर आहे. त्याच्या नावाचा नमुना ७ मी भरून कपाटात ठेवलाय, सही तेवढी बाकी आहे.