‘मुखपत्र’ ही शिवी आहे का?

सिडकोतल्या एका वाचकांचा प्रश्न: ‘टपरीवर एकाने माझ्या पेपरला “मुखपत्र” म्हणून हिणवलं. हा शब्द अपमानाचा आहे का? मुखपृष्ठाशी त्याचं काही नातं?’

नातं आहे, पण चुलत. मुखपृष्ठातलं मुख म्हणजे चेहरा, मुखपत्रातलं म्हणजे बोलायचं तोंड. एखाद्या संस्थेच्या वतीने बोलणारं नियतकालिक, एवढाच अर्थ. ‘महाराष्ट्र साहित्य पत्रिका’ हे साहित्य परिषदेचं मुखपत्र. त्यावर कोणी नाक मुरडत नाही. शिवी होते ती स्वतःला निःपक्ष म्हणवणाऱ्या पेपरला हा शब्द चिकटवल्यावर. १९८८ साली निघालेला ‘सामना’ शिवसेनेचा म्हणूनच निघाला, त्याला यात कसला अपमान!

फरक ऐकायचा तर सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, पेपरच्या टेबलाशी थोडं बसा. इतर पेपरांबद्दल विचारतात, ‘काय आलंय?’ ‘सामना’बद्दल मात्र, ‘काय म्हणतोय?’ बातमी येते, मुखपत्र म्हणतं. आणि त्याचं म्हणणं हीच दुसऱ्यांची बातमी होते. २०१९ च्या विधानसभा निकालानंतर सरकार बनेपर्यंत ‘सामना’चा अग्रलेख दिल्लीच्या हिंदी वाहिन्यांवर सकाळीच झळकायचा. खप मुंबई-महाराष्ट्रात, पडसाद दिल्लीत. पक्षाच्या मनात काय चाललंय, याचा अंदाज छापील मिळतो. वार्ताहराला आणखी काय हवं?

मला यातला ‘-तून’ फार आवडतो. ‘“सामना”तून टोला’, ‘मुखपत्रातून कानपिचक्या’. टोला कोणी लगावला? वाक्यात कर्ताच नाही! उद्या अंगाशी आलं तर ‘ते संपादकांचं मत’ म्हणायला वाट मोकळी.

षष्ठीही बघण्यासारखी आहे. २०२२ च्या फुटीनंतर पेपर ठाकरेंकडेच राहिला, नाव आणि धनुष्यबाण २०२३ मध्ये शिंदे गटाला मिळाले. मग बातम्यांत ‘शिवसेनेचे मुखपत्र’चं ‘ठाकरे गटाचे मुखपत्र’ झालं. पत्र तेच, तोंड कोणाचं ते बदलून लिहावं लागलं.

टिळकांच्या ‘केसरी’ला मात्र मुखपत्र म्हणू नका. तिथे बोलत होते ते संपादक, कुठला पक्ष नव्हे. त्याला जुना शब्द मतपत्र. हल्ली तो वापरला की लोकांना मतपेटी आठवते, त्याला इलाज नाही.