इस्लाम स्वीकारून हिंदू नवऱ्याला दुसरं लग्न करता येतं का?

नाही. धर्म बदलला म्हणून हिंदू विवाह कायद्याखालचं पहिलं लग्न आपोआप मोडत नाही. 1995 च्या सरला मुद्गल निकालात सर्वोच्च न्यायालयाने असं दुसरं लग्न रद्दबातल ठरवलं. 2000 च्या लिली थॉमस खटल्यात धर्मस्वातंत्र्याचा युक्तिवादही टिकला नाही. त्यातल्या नवऱ्याने धर्मांतर केल्याचं सांगितलं होतं, पण दुसरीपासून झालेल्या मुलाच्या जन्मदाखल्यावर बापाचं नाव जुनंच होतं, मतदारयादीतही तेच! याला श्रद्धा म्हणायला माझी तयारी नाही, ही पहिल्या बायकोची फसवणूक आहे.

अशा दुसऱ्या लग्नासाठी नवऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या (देशाचा फौजदारी कायदा) कलम 82 खाली 7 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र तक्रार पहिल्या बायकोने स्वतः, किंवा तिच्या वतीने आईवडील-भावंडांसारख्या जवळच्या नातेवाइकांनी करावी लागते. दोन्ही लग्नांचे पुरावे लागतात, तेव्हा फोटो, पत्रिका, नोंदणीचा दाखला जपून ठेवा.