धावून थांबला की खोकला का सुरू होतो?

प्रश्न: माझा मुलगा १० वर्षांचा आहे, शाळेच्या रनिंग टीममध्ये. थंडी पडली की सकाळच्या प्रॅक्टिसनंतर खोकत बसतो, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो आणि साधी सर्दीसुद्धा छातीत उतरली की तीन-तीन आठवडे हटत नाही. डॉक्टरांनी दमा सांगून दोन पंप दिलेत, पण सासूबाई म्हणतात पंपाची सवय लागते. धावणं बंद करू का?
– एक आई, नाशिक

उत्तर: ताई, धावणं बंद करू नका. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या टीममधल्या ६७ खेळाडूंना व्यायामाने उसळणारा दमा होता, त्यांनीच ४१ मेडल्स आणली.

आता त्याला होतं काय ते बघा. दम्यात श्वासनळ्या आतून कायम थोड्या सुजलेल्याच असतात, मूल बरं दिसत असलं तरी. एरवी नाक हवा गरम करून, ओली करून आत सोडतं. जोरात धावताना तोंड उघडं पडतं आणि नाशिकची ती गार कोरडी हवा थेट नळ्यांत जाते, तिथला ओलावा ओढून घेते. थंडीत काचेवर फुंकर मारली की जी वाफ धरते ना, तो छातीतलाच ओलावा, धावताना तो भराभर जातो. आतलं अस्तर सुकलं की तिथल्या पेशी हिस्टामिनसारखी रसायनं सोडतात आणि नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात. हे जास्त करून थांबल्यानंतर ५ ते १५ मिनिटांत होतं, म्हणून पोरगं शर्यत नीट पळतं आणि मग मैदानाच्या कडेला बसून खोकतं, आणि सरांना वाटतं नाटक करतोय. नाटक नसतं हो ते.

सर्दीचं म्हणाल तर मुलांचा दमा उसळण्याचं सगळ्यात मोठं कारण तीच, बहुतेक वेळा रायनोव्हायरस. नाकातला व्हायरस खाली नळ्यांपर्यंत पोचतो, सूज वाढते, कफ होतो आणि सर्दी गेली तरी नळ्या कित्येक दिवस हुळहुळ्या राहतात, मग जरा गार वारा लागला तरी खोकला. व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही, उगाच देऊ नका.

निळा पंप आवळलेले स्नायू सैल करतो, दुसरा स्टिरॉइडचा, तो सूज उतरवतो आणि खरं काम त्याचंच. तो रोज घ्यायचा, बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायचा नाही. सासूबाईंना सांगा, याची सवय लागत नाही आणि यातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग, तोही थेट छातीत. स्पेसर (पंपाला जोडायचा पोकळ प्लास्टिकचा डबा) लावूनच द्या आणि नंतर चूळ भरायला लावा. माझ्याकडे आलेल्या मुलांना मी समोर पंप घ्यायला सांगतो, बरीच जणं आधी श्वास ओढतात आणि मग दाबतात, औषध सगळं जिभेवर!

प्रॅक्टिसआधी १०-१५ मिनिटं निळा पंप घ्यायचा का हे तुमच्या डॉक्टरांना विचारा, वॉर्मअप चुकवू नका, फार गारठा असेल तर नाकातोंडावर रुमाल. फ्लूची लस दरवर्षी.

निळा पंप दप्तरात असू द्या, सरांनाही दाखवून ठेवा. पंप घेऊनही बोलताना वाक्य पुरं होत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल किंवा ओठ निळसर दिसले तर मात्र वाट बघायची नाही, पंप देत देतच हॉस्पिटल गाठा.